तायी कार्ड

आमच्या भागातल्या बायका दवाखान्यात आल्या की पिशवीतून आधी एक पुस्तिका काढतात आणि म्हणतात, "हे बघा ताई कार्ड." गरोदरपणाची नोंद झाली की कर्नाटकाच्या आरोग्य खात्याकडून हे कार्ड मिळतं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, पुढे बाळाच्या लसी, सगळं त्यात लिहायचं. २०१६ मध्ये मी बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात लेबर वॉर्डला लागले, तेव्हा मलाही ते ताई कार्डच वाटलं. आशाताई असते, तसं ताई कार्ड. थोरल्या बहिणीसारखं कुणीतरी बाईकडे लक्ष देणार म्हणून हे नाव, असा अर्थ मी मनाशी लावला होता, आणि तो मला फार आवडलाही होता. महिन्याभरानं बैलहोंगलकडच्या एका सिस्टरनं सांगितलं, तायी म्हणजे आई. कन्नडमध्ये आईला तायी म्हणतात.

उच्चार एकच. आमच्या कानाला बहीण, त्यांच्या कानाला आई. मी दोन्ही झाले आहे आणि दोन्ही होताना माझी नोकरी, माझं नाव आणि माझी भाषा यांचं काय काय झालं, ते बरीच वर्षं लिहायचं होतं.

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, शिनोळीच्या पुढचं. कोल्हापूर आमचा जिल्हा खरा, पण ते शंभरेक किलोमीटरवर. बेळगाव तासाच्या आत. त्यामुळे लग्नाचा बस्ता बेळगावला, आजारी माणूस बेळगावला, मिक्सर बिघडला तरी बेळगावला. शिनोळी ओलांडली की बाची लागतं आणि राज्य बदलतं, हे लहानपणी फक्त पाट्यांवरची अक्षरं बदलली की कळायचं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला ही रेघ पडली, म्हणजे माझ्या आजीच्या उमेदीत. आजी म्हणायची, आदल्या दिवशी जी बाजाराची वाट होती तीच दुसऱ्या दिवशी होती. तिला सीमावादाचा खटला, आयोग, महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं यातलं काही ठाऊक नव्हतं. सून आणायची ती पलीकडूनही आणायची आणि लेक द्यायची ती पलीकडेही द्यायची, एवढं ठाऊक होतं.

मलाही पलीकडे दिली. २०१५ ला लग्न झालं. सासर उचगावच्या बाजूचं, घरात मराठी, शेतात रताळी आणि भात. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. सकाळी निघून आईकडे जेवावं आणि दिवेलागणीला परत यावं, इतकंच अंतर. मी कोल्हापुरात नर्सिंग केलेलं, हातात प्रमाणपत्र, महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेत नोंदणी. मला वाटलं, महिन्याभरात कामाला लागेन.

पण परिचारिकेची नोंदणी राज्याची असते. राज्य बदललं की नोंदणी बदलायची: इकडच्या परिषदेची ना हरकत, तिकडच्या परिषदेचा अर्ज, कागदांची पडताळणी. त्यात माझे सगळे दाखले माहेरच्या आडनावाचे आणि आधार सासरच्या. मग प्रतिज्ञापत्र, मग लग्नाचा दाखला, मग त्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक काना कमी आला म्हणून पुन्हा फेरी. आठ महिने गेले. नवऱ्यानं लग्नानंतर एका दिवसाचाही खंड न पडता तीच नोकरी, त्याच नावानं, त्याच गेटातून केली. त्याचा काही दोष नव्हता. पण रेघ मी ओलांडली होती, म्हणून कागद मला पुरे करायचे होते. सीमाभागाचा प्रश्न म्हटलं की मोर्चे, फलक, १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि १७ जानेवारीचा हुतात्मा दिन लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. माझ्या डोळ्यांपुढे त्या आठ महिन्यांतली प्लॅस्टिकची फाईल येते. या भागात रेघेच्या आरपार लग्नं अजूनही रोज होतात, आणि रेघ ओलांडून नांदायला जाते ती बाई.

लेबर वॉर्डात भाषेचा प्रश्न फार सरळ असतो. कळ आलेल्या बाईला दुसरी भाषा समजत नाही. एरवी बाजारात मराठी बोलणारी गोकाककडची बाईसुद्धा त्या क्षणी "यव्वा" म्हणूनच ओरडते, आणि तिच्या कानात शिरायचं तर तिच्या आईच्या शब्दांनीच शिरावं लागतं. मला पहिल्या दिवसांत चार शब्द येत होते. कळांना इकडे ब्यानी म्हणतात, बाळाला कूस. एकदा सौंदत्तीकडून आलेल्या बाईची सासू मला "वार, वार" असं सांगत राहिली. आमच्या वॉर्डात मराठीत वार म्हणजे बाळंतपणानंतर पडते ती, प्लॅसेंटा. मी घाबरले, अजून बाळंतपणच झालेलं नाही आणि ही वारेचं काय सांगते? तिला म्हणायचं होतं, तारखेला अजून तीन आठवडे आहेत. कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. पोट अवेळी दुखायला लागलं होतं आणि नेमकी तीच गोष्ट ती मला सांगत होती. शेजारच्या सिस्टरनं ऐकलं म्हणून डॉक्टरांना वेळेत कळलं. बाई आणि बाळ दोघं सुखरूप घरी गेली, पण मी त्या रात्री झोपले नाही. मी मराठी आहे, हा तोवर माझ्या मनात अभिमानाचा विषय होता. त्या रात्री कळलं की माझ्या हाताखालच्या बाईसाठी मी आधी तिचं बोलणं कळणारी किंवा न कळणारी बाई आहे.

तेव्हापासून मी वही केली. उसर तगोरी, श्वास घ्या. उसर बिडरी, श्वास सोडा. अंजब्याडरी, घाबरू नका. कूस छलो ऐती, बाळ छान आहे. हे शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी पाठ केलं.

त्याच दवाखान्यात केसपेपरावर एक रकाना होता: उद्योग. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी, काम. मराठीत उद्योग म्हटलं की एक तर कारखाना, नाहीतर "नसते उद्योग". तो रकाना भरायचं काम माझ्याकडे यायचं आणि आधीच्या सगळ्या पानांवर एकच शब्द असायचा: गृहिणी. हा शब्द मात्र दोन्ही भाषांत अगदी सारखा, एका अक्षराचाही फरक नाही. मी विचारायला लागले. काय करता? "काही नाही, घरीच." मग हात बघायचे. निपाणीकडची असली तर बोटांना तंबाखूचा वास, विड्या वळणारी. वडगावची असली तर मागाच्या घरातली, दिवसभर कांड्या भरणारी. आमच्या बाजूची असली तर रताळ्याचे वेल लावून, काढून, धुऊन बाजाराला पाठवणारी, माझ्या सासूसारखी. सगळ्या घरीच. एकीला मी म्हटलं, विड्या वळता तेच लिहिते. ती म्हणाली, "लिहू नका सिस्टर, सासरे म्हणतील दवाखान्यात कशाला सांगितलंस." मी गृहिणी लिहिलं. अजूनही कधीकधी वाटतं, लिहायला हवं होतं.

२०१८ च्या फेब्रुवारीत मला सातवा महिना लागला. पाय सुजत होते, रात्रपाळी होत नव्हती. मी ऑफिसात रजेचं विचारलं. समोरून फार गोड उत्तर आलं. रजेची पद्धत आपल्याकडे नाही, तुम्ही राजीनामा लिहून द्या, बाळ मोठं झालं की या, जागा तुमचीच आहे. माझ्या आधीच्या तिघींनी असंच केलं होतं. कागद मराठीत लिहू की इंग्रजीत, एवढाच प्रश्न मी विचारला. इंग्रजीत, म्हणाले. मी सही केली.

मला तेव्हा माहीत नव्हतं, ते आता तोंडपाठ आहे. तेव्हा कायदा होता तो १९६१ चा मातृत्व लाभ कायदा; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण हे नियम तिथेही आहेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला ते लागू होतात. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर भरपगारी रजेचा हक्क आहे. ही रजा आधी १२ आठवड्यांची होती, १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं आणि बाळाला बघायला आईला दिवसातून चार वेळा जाऊ द्यायला हवं. नवा नियम येऊन दहा महिने झाले होते. आम्ही रोज बाळंतपणं करत होतो, आणि आमच्यातल्या एकीलाही हा कायदा कुणी सांगितला नव्हता.

राजीनाम्यानंतर आठवड्यानं माझ्या स्वतःच्या केसपेपरावर कुणीतरी लिहिलं, उद्योग: गृहिणी. अक्षर ओळखीचं होतं. माझ्याच जागी आलेल्या नव्या मुलीचं.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. कन्नडमध्ये माहेराला तवरमनी म्हणतात, आणि तिकडेही रीत हीच. लेकीचा जन्मदाखला महाराष्ट्राचा, तायी कार्ड कर्नाटकाचं. तीन महिन्यांनी मी परत आले ती वडगावात, भाड्याच्या खोलीत, कारण नवऱ्याला उद्यमबाग जवळ पडायचं. शेजारी विणकरांचं घर, कन्नड बोलणारं. दिवसभर मागाचा खडखडाट, आणि नवल म्हणजे लेक त्या आवाजातच झोपायची. माग थांबला की रडायची. त्या घरातल्या अज्जींनी माझ्या बाळाला रोज न्हाऊ घातलं, मालिश केली, माझ्या कमरेला शेक दिला. त्यांना मराठी कामापुरतं यायचं, मला कन्नड कामापुरतं. पण बाळंतिणीच्या खोलीत कामापुरतं म्हणजे काय काय असतं! दूध उतरत नाही, टाका दुखतोय, रात्री विनाकारण रडू येतं, नवऱ्याशी बोलावंसं वाटत नाही. हे सगळं मी कन्नडमध्ये बोलायला शिकले, कारण ज्या बाईला सांगायचं होतं तिला तीच भाषा कळत होती. वहीतली चार वाक्यं मागे पडली. तीन वर्षांत मी त्या गल्लीत भांडले, हसले, उसनं पीठ आणलं, तेही कन्नडमध्ये.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आली आणि दवाखान्यांना नर्स मिळेनात. मी दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीला गेले. समोरच्या माणसानं माझा कागद वाचला आणि विचारलं, मधल्या तीन वर्षांत काय केलं? मी म्हटलं, मूल सांभाळलं. त्यांनी मान हलवली आणि नवशिक्या मुलीला देतात तो पगार सांगितला. आधीच्या वर्षांचा अनुभव धरला नाही, कारण मध्ये खंड पडला होता. घरी पैशाची गरज होती, मी हो म्हटलं. पण आत काहीतरी फार दुखलं, ते अजून पूर्ण बरं झालेलं नाही. कारण खरी गोष्ट उलटी होती. आधीच्या दोन वर्षांपेक्षा त्या खंडाच्या तीन वर्षांनी मला चांगली नर्स केलं होतं. टाके पडलेल्या बाईला बसायला का नको वाटतं ते मला ठाऊक झालं होतं. मुलगी झाली म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईशी तिच्या बोलीत बोलता येत होतं. आज आमच्या वॉर्डात अवघड वेळी मला हाक मारतात ती याच दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही माझ्या कुठल्याही दाखल्यावर नाहीत.

कामाला लागले तेव्हा लेक तीन वर्षांची होती. आईनं तिला माहेरी ठेवून घेतलं. इथे एक गोष्ट मी कधी कुणाला नीट सांगितली नाही. माझी आई काजू कारखान्यात जायची. आमच्या चंदगडात काजूवर बायकांची घरं चालतात. भाजलेलं काजू फोडून आईची बोटं काजूच्या तेलानं काळी पडलेली, कातडी सोललेली. लेकीला सांभाळायला तिनं ते काम सोडलं. तिला स्वतःच्या हातचा पैसा मिळत होता तो थांबला. वडिलांकडे मागताना तिचा आवाज कसा व्हायचा ते मी फोनवर ऐकलं आहे. मी महिन्याला काही पाठवायची, ती ते पोरीसाठीच खर्च करायची. लोक म्हणतात, हिची नोकरी आईमुळे झाली. खरं आहे. पण आईची नोकरी माझ्यामुळे गेली, हेही खरं आहे, आणि ते कुणीच म्हणत नाही. पहिल्यांदा पोरीला न्यायला गेले तेव्हा बघितलं, आईची बोटं हळूहळू उजळत होती. लोकांना वाटलं, आराम मिळाला.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला. गाड्यांवर दगड पडले, काळं फासलं, इकडून तिकडे जाणाऱ्या एसटी बंद झाल्या. लेक शिनोळीपलीकडे, मी वडगावात. त्याच आठवड्यात तिला ताप आला. मी रात्रपाळी उतरून रिक्षानं जमेल तिथपर्यंत गेले, पुढे चालत, आणि वडील दुचाकी घेऊन शिनोळीला थांबले होते. रस्त्यावर पोलीस होते. एका पोलिसानं कन्नडमध्ये विचारलं, कुठे? मी कन्नडमध्ये सांगितलं, पोरगी आजारी आहे. पुढे महाराष्ट्राच्या पोलिसानं मराठीत तेच विचारलं, मी मराठीत तेच सांगितलं. दोघांनीही वाट दिली. दोघांचेही डोळे जागरणानं लाल झाले होते. माझ्या मनात तेव्हा कुठल्याच भाषेबद्दल काही नव्हतं, फक्त पोरीच्या कपाळाला हात लावायचा होता.

आता येणं जाणं सोपं झालंय. मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्याच्या हद्दीत बायकांना प्रवास मोफत. इकडे सासूला गृहलक्ष्मीचे २००० येतात, तिकडे वहिनीला लाडक्या बहिणीचे १५००. पैसे कामाला येतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. सासूनं त्या पैशातून पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं साडी घेतली. तरी मनात येतं की लक्ष्मी झाली, बहीण झाली, तायी झाली. केसपेपरावरच्या त्या रकान्यात मात्र अजून गृहिणीच आहे.

२०२४ ला लेकीच्या पहिलीचा प्रश्न आला. कन्नड माध्यम, मराठी माध्यम, की इंग्रजी? आमच्या घरात इतकी चर्चा लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. सासरे म्हणाले, मराठी शाळा आपणच रिकाम्या केल्या तर बोलायचं काय. नवरा म्हणाला, इंग्रजी, पुढे पुण्याला जाता येईल. दीर म्हणाले, नोकरी इथेच करायची तर कन्नडच. तिघांचंही चुकत नव्हतं. राज्यघटनेच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे. आणि कर्नाटकाच्याच खटल्यात ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचं. मी हे वाचलं तेव्हा थांबले. शब्द मातृभाषा, ठरवणार पालक, आणि आमच्या ओसरीवर बसलेले तिघं पालक बोलत होते. मी आत चहा गाळत होते. त्या दिवशी मी कप घेऊन बाहेर गेले आणि परत आत गेले नाही, तिथेच बसले. म्हटलं, मराठी शाळेत घालू, कन्नड मी घरी बघते. सासूनं आतून विचारलं, "तुला लिहाय येतंय व्हय कन्नड?" मला येत नव्हतं. बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं.

कन्नड आता इथल्या सगळ्याच शाळांत शिकावं लागतं, २०१५ चा कायदा आहे तसा. म्हणून मग लेक आणि मी एकाच वेळी पाटीवर बसलो. अ अरस, अरस म्हणजे राजा. आ आने, आने म्हणजे हत्ती. इ इली, इली म्हणजे उंदीर. लेकीचं माझ्या आधी पाठ झालं. कन्नडमध्ये ए दोन असतात, एक आखूड आणि एक लांब, आणि ओसुद्धा दोन. आमच्या मराठी कानाला तो फरक ऐकूच येत नाही. लेकीला येतो. ती मला सांगते, "आई, हा छोटा ए. बेळगावीतला." मी पुसते, परत लिहिते.

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात काम करणारी एक मुलगी, हुक्केरीकडची, सातवा महिना, दुपारी माझ्याशेजारी येऊन बसली. हातात कागद होता. राजीनामा. "अक्का, सही कुठे करायची?" तिनं कन्नडमध्येच विचारलं. मी कागद घेतला, घडी घालून माझ्या एप्रनच्या खिशात ठेवला आणि तिला दुसरा कोरा कागद दिला. तिचा हात थरथरत होता म्हणून मग मीच लिहायला घेतलं. अर्जाला तिकडे अर्जी म्हणतात, रजेला रजे, सहीला सहीच. बाळंतपणाची रजा म्हणजे हेरिगे रजे. एकेक अक्षर मी लेकीच्या पाटीवर गिरवलं होतं तसं गिरवत होते. २६ वार, असं लिहिलं आणि एकदा थांबून मनात खात्री केली, हो, आठवडेच. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. हेरिगेतल्या हे वर तिनं बोट ठेवलं.

"अक्का, इथं छोटा ए."

मी खोडलं आणि परत लिहिलं.